आर्नहेमचे मुके सेट: एका डिव्हिजनच्या संदेशवहनाचं प्रकरण

१७ सप्टेंबर १९४४, रविवारची दुपार. हॉलंडमधल्या आर्नहेम शहराच्या पश्चिमेला, वोल्फहेझे गावालगतच्या माळावर ब्रिटिशांच्या पहिल्या एअरबोर्न, म्हणजे विमानांतून उतरणाऱ्या, डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल रॉय अर्कहार्ट जीपमध्ये बसले आणि स्वतःचं मुख्यालय मागे ठेवून निघाले. त्यांच्या कानावर आलं होतं की मेजर फ्रेडी गॉफ यांच्या टेहळणी तुकडीच्या जीपा ग्लायडरमधून (विमानामागे ओढून नेलेल्या बिनइंजिनाच्या विमानातून) उतरल्याच नाहीत. ही तुकडी सगळ्यांच्या आधी धावत जाऊन आर्नहेमचा पूल धरणार होती. ती नसेल तर पुढे निघालेल्या ब्रिगेडला हे ताबडतोब कळायला हवं होतं. बिनतारीवर ब्रिगेड सापडेना, म्हणून जनरल स्वतः निघाले. निघताना गॉफना निरोप धाडला, मला येऊन भेटा.

बातमी खोटी होती. गॉफ यांच्या बहुतेक जीपा सुखरूप उतरल्या होत्या. निरोप मिळाल्यावर गॉफ आपली तुकडी सोडून मुख्यालयात आले, तोवर जनरल गेलेले. मग गॉफ जनरलच्या मागे आणि जनरल ब्रिगेडियरच्या मागे, असा शोध संध्याकाळपर्यंत चालला. गॉफ शेवटी शहरातल्या पुलाशी पोहोचले आणि तिथेच अडकले. अर्कहार्ट दुसऱ्या रस्त्यावर तिसऱ्या पॅराशूट बटालियनपाशी पोहोचले. तिथे त्यांच्या जीपवर उखळी तोफेचा गोळा पडला आणि बिनतारीवाला जबर जखमी झाला. त्यानंतर हे जनरल १९ तारखेच्या सकाळपर्यंत स्वतःच्या डिव्हिजनला सापडले नाहीत. मधला बराच वेळ ते एका घराच्या माळ्यावर लपून होते, कारण खाली रस्त्यात जर्मन होते.

आर्नहेमची लढाई अनेकांनी अनेक अंगांनी सांगितली आहे. ‘रेडिओ चालले नाहीत म्हणून हरले’ हे वाक्य तर आता म्हणीसारखं झालंय. मला ते पटत नाही. कारण त्याच लढाईत, त्याच झाडीत, त्याच प्रकारचे काही सेट चालले. कुठले चालले आणि कुठले गप्प राहिले, हे नीट मांडलं की परदेशात लढणाऱ्या सैन्याची संदेशवहनाची घडी कशी बसवलेली असते आणि ती कुठे उसवते, हे दिसायला लागतं. या प्रकरणात मला तेवढंच तपासायचं आहे.

घडी कशी होती

ब्रिटिश सैन्यात रॉयल कोअर ऑफ सिग्नल्स हे वेगळं दल १९२० मध्ये झालं. त्याआधी हे काम इंजिनिअरांच्या अंगावर होतं. दुसऱ्या महायुद्धात प्रत्येक डिव्हिजनला स्वतःची ‘डिव्हिजनल सिग्नल्स’ ही बटालियनच्या तोडीची तुकडी असे. तिचा लेफ्टनंट कर्नल हा दोन टोप्या घालणारा माणूस. आपल्या तुकडीचा तो कमांडर, आणि जनरलला संदेशवहनाबद्दल सल्ला देणाराही तोच.

डिव्हिजनमध्ये काही ब्रिगेड, ब्रिगेडमध्ये बटालियन, बटालियनमध्ये कंपन्या, अशी सैन्याची उतरंड. साध्या पायदळ डिव्हिजनमध्ये सिग्नल्सच्या तुकडीच्या तीन कंपन्या. पहिली मुख्यालयापाशी: बिनतारी, तारा, एक्स्चेंज, मोटरसायकलवरचे जासूद. दुसरी तोफखान्यासाठी. तिसरी ब्रिगेडसाठी. तिच्यातल्या जे, के, एल अशा अक्षरांच्या तुकड्या एकेका ब्रिगेड मुख्यालयाला कायमच्या जोडलेल्या असत. या तुकड्या त्या ब्रिगेडबरोबर जेवत, झोपत, सराव करत, पण मूळ दल सिग्नल्सचंच.

बटालियनच्या आत मात्र रॉयल सिग्नल्सचा माणूस नसे. कंपनी ते बटालियन हे बोलणं बटालियनच्या स्वतःच्या पायदळी शिपायांनी सांभाळायचं. म्हणजे पुढच्या खंदकातून निघालेली बातमी जनरलपर्यंत जाताना तीन हातांतून जायची आणि प्रत्येक सांध्यावर सेट बदलायचा, नेट बदलायचं, ऑपरेटर बदलायचा. नेट म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर बसलेलं कुटुंब. मध्ये वरच्या कचेरीचं कंट्रोल स्टेशन, भोवती खालची स्टेशनं.

यात एक नियम अगदी पाठ असतो. संपर्क राखण्याची जबाबदारी वरच्याची. कोअरने (म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेल्या वरच्या गटाने) डिव्हिजनला शोधायचं, डिव्हिजनने ब्रिगेडला, ब्रिगेडने बटालियनला. शेजाऱ्याशी बोलायचं तर डावीकडच्याने उजवीकडच्याशी संपर्क साधायचा. नियम सरळ आहे आणि चांगलाही आहे, पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे. वरची कचेरी जास्त माणसांची, जास्त मोठ्या सेटची आणि जास्त सुरक्षित असेल, असं ते गृहीत. आर्नहेमपाशी यातलं एकही धड खरं नव्हतं.

एअरबोर्न डिव्हिजनमध्ये ही सगळी घडी काटून बसवावी लागते. जे न्यायचं ते विमानातून किंवा ग्लायडरमधून. ट्रक नाहीत, तारांची मोठी रिळं नाहीत, मोठे जनरेटर नाहीत. लेफ्टनंट कर्नल टॉम स्टीफन्सन यांच्या हाताखालची ही सिग्नल तुकडी साध्या डिव्हिजनच्या मानाने खूपच लहान होती. डिव्हिजन ते ब्रिगेड या नेटवर ‘२२ नंबर’चा सेट, जीपवर किंवा हातगाडीवर लादलेला. कागदावर त्याचा पल्ला सुमारे २४ किलोमीटर. भारतीय सैन्यातल्या सिग्नलवाल्यांनीही ब्रह्मदेशात हाच सेट वापरला. ब्रिगेडच्या खाली ‘६८ नंबर’चा, एका माणसाच्या पाठीवरचा, कागदावर पल्ला पाचेक किलोमीटर. याशिवाय इंग्लंडशी मोर्सवर बोलायला काही जास्त ताकदीचे सेट होते, आणि हो, कबुतरंही होती.

योजनेतलं अंतर

‘मार्केट गार्डन’ ही मोहीम १० सप्टेंबरला ठरली आणि १७ ला विमानं उडाली. हातात सात दिवस. तीन एअरबोर्न डिव्हिजन हॉलंडमधल्या पुलांवर उतरणार आणि जमिनीवरून ब्रिटिश सेनानी हॉरॉक्स यांची तिसावी कोअर एकाच रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर येऊन त्यांना मिळणार. आर्नहेमचा पूल सगळ्यांत शेवटचा.

पुलाशेजारची जमीन पोल्डरची, म्हणजे पाणी उपसून काढलेली, मऊ, कालव्यांनी कापलेली. तिथे ग्लायडर उतरवणं अवघड, शिवाय विमानविरोधी तोफांची भीती. म्हणून उतरण्याच्या जागा पुलापासून दहा-बारा किलोमीटर पश्चिमेला निवडल्या. विमानं अपुरी, आणि दिवसाला एकच खेप करायची असं हवाई दलाच्या वरिष्ठांनी ठरवलेलं. त्यामुळे डिव्हिजन तीन दिवसांत तीन खेपांनी येणार. पहिल्या दिवशी ब्रिगेडियर जेराल्ड लॅथबरी यांची पहिली पॅराशूट ब्रिगेड पुलाकडे जाणार, आणि ब्रिगेडियर ‘पिप’ हिक्स यांची ग्लायडर ब्रिगेड पुढच्या खेपेसाठी माळ राखत मागे थांबणार.

हे सिग्नलवाल्याच्या नजरेने पाहा. ६८ नंबरचा सेट पाच किलोमीटरचा. डिव्हिजनची दोन टोकं बारा किलोमीटरवर. मध्ये दाट झाडी आणि मग विटांच्या घरांचं शहर. सिग्नल तुकडीचे उपप्रमुख मेजर अँथनी डीन-ड्रमंड यांना हे आधीच खटकलं होतं. उत्तर असं मिळालं की पहिला दिवस ओढाताणीचा जाईल, पण डिव्हिजन लवकरच पुलाभोवती एकवटेल आणि अंतरं मिटतील. म्हणजे संदेशवहनाची योजना लढाई यशस्वी होण्यावर टांगलेली होती. लढाई यशस्वी व्हायला मात्र संदेशवहन लागणार होतं!

डीन-ड्रमंड यांनी विषय आणखी ताणून धरायला हवा होता का? त्या उन्हाळ्यात या डिव्हिजनच्या सोळा-सतरा मोहिमा ठरून रद्द झाल्या होत्या. माणसं विमानात बसायला आतुर झाली होती. अशा वातावरणात ‘माझे सेट पुरणार नाहीत’ म्हणणाऱ्या मेजरचं कोण ऐकणार? दोष देण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं, असं मला वाटतं.

सेट एकीकडे, साहेब दुसरीकडे

पहिल्या संध्याकाळी काय झालं ते थोडक्यात. तीन बटालियन तीन रस्त्यांनी निघाल्या. लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट यांची दुसरी बटालियन नदीकाठच्या रस्त्याने पुलाच्या उत्तर टोकाला पोहोचली. तिच्यामागोमाग ब्रिगेडचं मुख्यालयही पोहोचलं, ब्रिगेडचे सिग्नलवाले आणि सेट घेऊन. पुलाशी साधारण सातशे-साडेसातशे माणसं जमली. सिग्नलवाल्यांनी ब्रिगेडच्या इमारतीच्या माळ्यावर सेट मांडले.

पण ब्रिगेडियर लॅथबरी त्यांच्याबरोबर नव्हते. ते तिसऱ्या बटालियनला हलवायला गेले आणि तिथेच अडकले. जनरल अर्कहार्टही तिथेच. म्हणजे ब्रिगेडचं नेट पुलाजवळ, डिव्हिजनचं नेट माळावर, आणि त्या दोन्ही नेटचे मालक मधल्या एका उपनगरात, दोघांपैकी एकाच्याही हाती चालणारा सेट नाही.

मला हा या प्रकरणाचा गाभा वाटतो. सिग्नल्सची रचना मुख्यालयाला बांधलेली असते, माणसाला नाही. कमांडर खुर्ची सोडून पुढे गेला की नेट त्याच्यामागे धावत नाही. साध्या युद्धात यावर तोड असते. कमांडरच्या चिलखती गाडीत दोन-तीन सेट, राखीव ऑपरेटर, आणि पुढे हलवता येणारं छोटं मुख्यालय. अर्कहार्ट यांच्याकडे होती एक जीप. ती गेली तेव्हा त्यांची सगळी डिव्हिजनच त्यांच्यापुरती नाहीशी झाली.

आणखी एक गोष्ट बिनतारीची नाही, पण संदेशवहनाचीच. जनरल बेपत्ता झाले तर कमान कोणाकडे? लॅथबरी, मग हिक्स, मग हॅकेट, असा क्रम अर्कहार्ट यांनी ठरवला होता. तो त्यांनी सांगितला आपले मुख्य स्टाफ अधिकारी चार्ल्स मॅकेन्झी यांना, तोही विमानात चढण्याच्या सुमारास. चौथ्या पॅराशूट ब्रिगेडचे जॉन हॅकेट हुद्द्याने हिक्सना ज्येष्ठ. ते १८ तारखेला छत्रीने उतरले आणि माळावरच त्यांना कळलं की कमान हिक्सकडे आहे आणि त्यांची एक बटालियन दुसरीकडे वळवली आहे. त्या रात्री दोन ब्रिगेडियरांमध्ये बोलाचाली झाली. ज्या तासांत पुलाकडे नेटका धक्का द्यायचा होता, ते तास असे गेले. हा निरोप आधी तिघांनाही मिळाला असता तर त्यासाठी एकही सेट लागला नसता.

दरम्यान डीन-ड्रमंड १८ ला स्वतः पुढे गेले, पुढच्या तुकड्यांचा धागा परत जोडायला. तेही कापले गेले आणि पकडले गेले. आर्नहेमजवळच्या, जर्मनांच्या ताब्यातल्या वेल्पमधल्या एका घरात ते भिंतीतल्या कपाटात तेरा दिवस उभे राहून लपले आणि शेवटी निसटले. माणूस विलक्षण धीराचा. पण हिशेब म्हणून पाहिलं तर सिग्नल्सचा दुसरा क्रमांकाचा अधिकारी स्वतःच जासूद झाला होता.

जवळचं ऐकू येत नाही, लांबचं येतं

आता सेटबद्दल. माझ्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारीचा, परवाना आहे, त्यामुळे इथे थोडं रेंगाळतो.

२२ आणि ६८ हे दोन्ही सेट शॉर्टवेव्हच्या खालच्या पट्ट्यातले. या लहरी दोन वाटांनी जातात. एक जमिनीला धरून, जी झाडी, ओल्या फांद्या, घरं आणि कोरडी वाळू पिऊन टाकतात. दुसरी आकाशाकडे, वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली. जमिनीची वाट दहा-पंधरा किलोमीटरवर संपते आणि आकाशाची वाट कधीकधी शंभर-दोनशे किलोमीटरच्या पुढेच खाली येते. मधला पट्टा बहिरा. आम्ही त्याला ‘स्किप’ म्हणतो. संध्याकाळी चाळीस मीटर बँडवर बसलं की पुण्यात दिल्ली खणखणीत ऐकू येते आणि साताऱ्याचा मित्र मेल्यासारखा गप्प असतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना आर्नहेम लगेच समजेल.

१९४४ हे सूर्यावरच्या डागांच्या चक्रातलं तळाचं वर्ष. अशा वर्षी वरचा थर दुबळा असतो. रात्री तर फक्त फारच खालच्या फ्रिक्वेन्सी सरळ वरून परत येतात, त्यांच्याहून वरच्या फ्रिक्वेन्सी आकाशात निसटतात किंवा दूर जाऊन पडतात. त्यात जीपवर किंवा पाठीवर उभी काठीसारखी एरियल. उभी एरियल लहर क्षितिजाकडे फेकते, डोक्यावर जवळजवळ काहीच नाही. जवळच्या गावाशी आकाशामार्गे बोलायचं तर तार जमिनीला समांतर, खाली बांधावी लागते. धावपळीत, गोळीबारात आणि चालत्या जीपवर ती कशी बांधणार?

म्हणून या लढाईत ते विचित्र दृश्य दिसलं. ताकदवान मोर्स सेट इंग्लंडशी बोलत होता, सुमारे चारशे किलोमीटर. डिव्हिजनबरोबर असलेल्या ‘फँटम’ या संपर्क रेजिमेंटच्या छोट्या तुकडीलाही इंग्लंड सापडलं. वार्ताहरांच्या सेटवरूनही मजकूर बाहेर गेला. आणि बारा किलोमीटरवरचा पूल मात्र मुका. त्यात रात्री सगळ्या युरोपची जबर स्टेशनं त्याच पट्ट्यात गर्दी करतात आणि दीड-दोन वॅटचा आवाज त्या बाजारात बुडून जातो.

पूर्ण मुका मात्र नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. पहिल्याच रात्री पहिल्या बटालियनचे कर्नल डोबी यांनी फ्रॉस्ट यांची कुमक मागणारी हाक बिनतारीवर ऐकली आणि स्वतःचं उद्दिष्ट सोडून पुलाकडे मोर्चा वळवला. सेट तुटक चालत होते. तुटक चालणाऱ्या सेटवर काय करायचं, याची सोय मात्र रचनेत नव्हती. एक फ्रिक्वेन्सी बसली नाही तर दुसरी कुठली, ती कळवायची कोणी आणि कशी, मध्ये निरोप उचलून पुढे टाकणारं रिले स्टेशन कुठे ठेवायचं? माळ आणि पूल यांच्या मधल्या ओस्टरबेक गावात एखाद्या उंच जागी असं स्टेशन पहिल्याच संध्याकाळी बसवलं असतं तर चित्र काही अंशी बदललं असतं, असं माझं मत आहे. त्यासाठी वेगळी माणसं, सेट आणि त्यांच्या संरक्षणाला एक प्लाटून लागली असती. काटून बसवलेल्या तुकडीत ती उरली नव्हती.

तोफवाल्यांचं नेट

तेच आकाश, तीच झाडी, आणि पुष्कळसे त्याच जातीचे सेट. तरी तोफखान्याचं नेट चाललं.

डिव्हिजनकडे पहिली एअरलँडिंग लाइट रेजिमेंट होती, ७५ मिलिमीटरच्या सुट्या करून नेता येणाऱ्या तोफांची. तिच्या एका बॅटरीचे, म्हणजे तोफांच्या गटाचे, मेजर डेनिस मनफर्ड फ्रॉस्ट यांच्याबरोबर पुलापर्यंत आले. तोफांशी संपर्क लागेना. मनफर्ड यांनी काय केलं? रात्रीतच जीप घेऊन शत्रूने भरलेल्या रस्त्यातून मागे गेले, सेट पुन्हा नेटला जुळवून घेतले आणि परत पुलावर आले. १८ तारखेला तोफा ओस्टरबेकच्या जुन्या चर्चजवळ आणल्या गेल्या आणि त्यानंतर पुलाभोवती त्यांचे गोळे बरोबर पडू लागले. अंतरही कमी झालं होतं, संचही जुळले होते.

ही नुसती एका मेजरची हिंमत म्हणून सोडून देता येणार नाही. तोफवाल्यांच्या कामात निरीक्षक आणि तोफ यांच्यातला आवाज म्हणजेच हत्यार. तो तुटला तर तोफ म्हणजे लोखंडाचा ठोकळा. म्हणून तोफखान्यात अधिकारी स्वतः सेट हाताळायला शिकतो, निरीक्षकाबरोबर ठरलेले ऑपरेटर असतात, आणि नेट तुटल्यावर काय करायचं याची तालीम झालेली असते. पायदळात मात्र अनेकांना सिग्नलवाला म्हणजे मागे पेटी घेऊन चालणारा कोणीतरी वाटे.

त्याहून मोठी गोष्ट २१ तारखेची. तोवर पूल हातचा गेला होता. २० च्या सकाळी फ्रॉस्ट आणि अर्कहार्ट यांचं पहिल्यांदा थेट बोलणं झालं होतं, आणि त्याच दिवशी फ्रॉस्ट जखमी होऊन पुलाची सूत्रं गॉफ यांच्याकडे आली होती. उरलेली डिव्हिजन ओस्टरबेकमध्ये, मुख्यालय असलेल्या हार्टनस्टाइन हॉटेलच्या भोवती घोड्याच्या नालासारख्या वेढ्यात. अशा वेळी तोफखान्याच्या सेटवर एक अनोळखी स्टेशन बोलू लागलं. ती तिसाव्या कोअरची चौसष्टावी मीडियम रेजिमेंट (मध्यम तोफांची) होती, आर्नहेमच्या दक्षिणेच्या नायमेखन शहराच्या बाजूने वर सरकलेली. तोफखान्याचे प्रमुख लोडर-सिमंड्स यांनी दोन्हीकडची खात्री पटवली, आणि त्या दिवसापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरून, नदीपलीकडून, मोठे गोळे वेढ्याच्या कडेला शत्रूवर येऊ लागले. काही ठिकाणी आपल्या खंदकांपासून शंभरेक यार्डांवर. ओस्टरबेकचा वेढा आणखी चार दिवस टिकला, त्याचं मोठं श्रेय या एका नेटला आहे.

हे दैवाने झालं नाही. डिव्हिजनमध्ये तोफखान्याची एक खास फॉरवर्ड ऑब्झर्व्हेशन युनिट होती. जमिनीवरून येणाऱ्या परक्या तोफांशी हवेतून उतरलेल्यांची गाठ घालून देणं, एवढंच तिचं काम. म्हणजे कोणीतरी आधी बसून विचार केला होता की या दोन संघटना एकमेकींना कधी ना कधी भेटणार, तेव्हा त्यांच्यात बोलेल कोण. त्या प्रश्नासाठी माणसं, सेट आणि फ्रिक्वेन्सी राखून ठेवली होती.

ही डिव्हिजन आदल्या वर्षीच हे शिकलेली होती. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत प्रिमोसोले पुलाच्या लढाईत याच पहिल्या पॅराशूट ब्रिगेडचे सेट विखुरले, हरवले. तेव्हाही तग धरता आला तो समुद्रातल्या ‘न्यूफाउंडलंड’ या क्रूझरशी नौदलाच्या तोफांसाठी आलेल्या निरीक्षकाने संपर्क साधला म्हणून. तिथेही एक खास माणूस, एक खास सेट, एक खास काम.

कोअर आणि विमानं

वरच्याने खालच्याला शोधायचं हा नियम आठवा. आर्नहेमच्या वरची कचेरी म्हणजे लेफ्टनंट जनरल ब्राउनिंग यांचं एअरबोर्न कोअर मुख्यालय. ते मुळात इंग्लंडमध्ये बसून नियोजन करण्याच्या घडणीचं. पण १७ तारखेला ३८ ग्लायडरमधून ते नायमेखनजवळ ग्रूसबेकला उतरलं. त्याचे सिग्नलवाले घाईने जमवलेले, एकमेकांबरोबर फारसा सराव न झालेले. ग्रूसबेक ते ओस्टरबेक अंतर वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे २२ नंबरच्या सेटच्या कागदी पल्ल्याचं अगदी टोक आणि त्या बहिऱ्या पट्ट्याची सुरुवात. ज्याच्यावर शोधायची जबाबदारी, तोच सगळ्यांत कच्चा. पहिले दोन दिवस ब्राउनिंगना आर्नहेमचं स्पष्ट चित्र मिळालं नाही.

हवाई मदतीची कथा आणखी दुःखद. विमानांना जमिनीवरून लक्ष्य दाखवण्यासाठी अमेरिकनांनी दोन छोट्या तुकड्या उसन्या दिल्या होत्या, त्याही निघण्याच्या काही दिवस आधी. त्यांचे सेट विमानांशी जुळलेच नाहीत आणि मग गाड्या गोळ्यांखाली सापडल्या. वर दोस्तांची लढाऊ विमानं आणि खाली टाहो फोडणारे लोक, दोघांत धागा नाही. रसद टाकणाऱ्या विमानांचंही तेच. टाकण्याची ठरलेली जागा जर्मनांच्या हाती राहिली. ती बदला असा निरोप वेळेत पोहोचला नाही. वैमानिक तोफांच्या माऱ्यातून सरळ येत राहिले आणि पेट्या शत्रूच्या झोळीत टाकत राहिले. फ्लाइट लेफ्टनंट डेव्हिड लॉर्ड यांनी १९ तारखेला पेटतं विमान त्याच जागेवर पुन्हा फिरवलं, उरलेल्या पेट्या टाकायला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे वाचताना दर वेळी माझा घसा दाटतो.

हाताशी असलेली तार

एक संदेशवहन या सगळ्या काळात व्यवस्थित चालू होतं. डच टेलिफोन. एक्स्चेंज चालू होते, प्रांतिक वीज कंपनीची स्वतःची फोनलाइन नायमेखन आणि आर्नहेमच्या दरम्यान जात होती आणि डच प्रतिकार चळवळीचे लोक ती वापरत होते. आर्नहेममध्ये जर्मन वरचढ ठरताहेत ही बातमी १८ तारखेलाच डच लोकांकडून नायमेखनच्या बाजूला पोहोचली होती.

मग ब्रिटिशांनी ती तार का धरली नाही? कारण जुनी जखम. १९४२ पासून जर्मन गुप्तचरांनी हॉलंडमध्ये उतरलेले ब्रिटिश हस्तक एकामागून एक पकडले आणि त्यांच्याच सेटवरून लंडनला खोटे निरोप पाठवले होते. डच भूमिगतांवरचा विश्वास तेव्हा उडाला तो उडालाच. त्यामुळे दारात येऊन ‘फोन आहे, वापरा’ म्हणणाऱ्या माणसाला साशंक नजर मिळाली. सावधपणा समजतो. पण परक्या देशात उतरणाऱ्या सिग्नल तुकडीत स्थानिक एक्स्चेंज ताब्यात घेणारी, भाषा जाणणारी चार माणसं आधीच नेमलेली असती तर खरंखोटं पारखायला तरी कोणी असतं.

कबुतरांचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘विल्यम ऑफ ऑरेंज’ नावाचं कबूतर १९ सप्टेंबरला सकाळी साडेदहाला सोडलं आणि ४ तास २५ मिनिटांत, सुमारे ४१८ किलोमीटर उडून, इंग्लंडमधल्या खुराड्यात पोहोचलं. त्याला १९४५ मध्ये डिकिन पदक, म्हणजे प्राण्यांच्या शौर्यासाठीचं पदक, मिळालं.

२१ ला पोलिश ब्रिगेड नदीच्या दक्षिणेला ड्रीलपाशी उतरली, तेव्हा वेढ्यातला पोलिश संपर्क अधिकारी कॅप्टन झ्वोलान्स्की ऱ्हाईन पोहून निरोप घेऊन गेला. २२ ला मॅकेन्झी आणि इंजिनिअरांचे प्रमुख मायर्स रबरी होडीतून नदी पार करून पलीकडे गेले, ब्राउनिंगना तोंडाने सांगायला की डिव्हिजन संपत चालली आहे. सेटवर हे शब्द जात होते, पण त्यांतली निकड पलीकडे पोहोचत नव्हती असं अर्कहार्टना वाटलं असावं. थकलेल्या माणसाचा चेहरा कुठल्याच नेटवरून जात नाही.

२५ च्या रात्री ‘बर्लिन’ या नावाने माघार ठरली. दहा हजारांवर माणसं या लढाईत उतरली होती, त्यांतली साधारण चोवीसशे त्या रात्री पावसात नदी ओलांडून परतली. बुटांना कापड गुंडाळून, अंधारात एकमेकांचा कोट धरून ती नदीकडे गेली. पलीकडून तिसाव्या कोअरच्या तोफांनी, त्याच जोडलेल्या नेटच्या जोरावर, वेढ्याभोवती आगीचा पडदा धरला. ज्यांना चालता येत नव्हतं असे जखमी मागे राहिले. त्यांच्यातल्या काहींच्या हाती सेट दिले होते. नेहमीचे निरोप नेहमीसारखे पाठवत राहायचे, म्हणजे जर्मनांना वाटावं की डिव्हिजन अजून इथेच आहे. पहाटेपर्यंत ते बोलत राहिले.